सव्हॅनाला जा, पण चार्ल्सटन यावेळी राहू दे

पत्र असं आहे: "ताई, आम्ही अटलांटाच्या वर जॉन्स क्रीकला राहतो. सासू-सासरे सांगलीहून आलेत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. त्यांना एक वीकेंड समुद्राकडचं जुनं शहर दाखवायचंय. नवऱ्याचं म्हणणं, शुक्रवारी रात्री निघू, शनिवारी चार्ल्सटन, रविवारी सव्हॅना आणि रात्री घरी. सासऱ्यांना किल्ले आणि जुने वाडे बघायचं वेड, पण गुडघे दुखतात. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही. लेक नऊ वर्षांची, जरा चाललं की किरकिर सुरू. चार जुलैचा लाँग वीकेंड धरलाय. जमेल का? आणि राहायचं कुठे?"

अगं, जमायला जमेल, पण सगळं गाडीतच जमेल. तुमच्या घरापासून चार्ल्सटन पाच तास, तिथून सव्हॅना दोन तास, परत यायला साडेचार-पाच, म्हणजे दोन दिवसांतले बारा तास सासरे गुडघे मुडपून मागच्या सीटवर, आणि उतरायचं ते फोटोपुरतं. नवऱ्याचा हेतू चांगलाच आहे, आई-वडील एवढ्या लांबून आलेत तर होईल तेवढं दाखवावं असं कुठल्याही मुलाला वाटणारच, पण माझं ऐक, एकच शहर धर आणि ते सव्हॅना धर. चार्ल्सटन सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही, पण ज्याला जुनं बघायची हौस आहे आणि ज्याचे गुडघे साथ देत नाहीत त्याच्यासाठी सव्हॅनाइतकं सोयीचं दुसरं शहर मला तरी इथे सापडलेलं नाही, कारण तिथे दर दोन-तीन मिनिटं चाललं की झाडाखाली बाक येतो.

हे मी अनुभवाने सांगतेय. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझे बाबा आले होते तेव्हा आम्हीही असाच दोन शहरांचा घाट घातला होता. स्वस्त पडतंय म्हणून हायवेच्या एक्झिटवरचं हॉटेल घेतलं, 'डाउनटाउन दहा मिनिटांवर' असं लिहिलेलं, प्रत्यक्षात सकाळी गावात शिरून पार्किंग मिळेपर्यंत तास गेला, दुपारी बाबांना जरा पडावंसं वाटलं तर पुन्हा गाडी काढा, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी इथेच टीव्ही बघत बसतो." माणूस साताऱ्याहून एवढे तास प्रवास करून आलाय आणि हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघतो म्हणतोय, मला अगदी भरून आलं. मग आम्ही पुढचं शहर रद्द केलं आणि बाबांना सव्हॅनाच्या मॅडिसन स्क्वेअरमधल्या एका बाकावर नेऊन बसवलं. तिथून ते तासभर उठले नाहीत.

म्हणून राहायचं कुठे याचं उत्तर पहिलं देते. हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टच्या आतच रहा, म्हणजे उत्तरेला नदी आणि दक्षिणेला फोरसिथ पार्क या दोन्हींच्या मधे. महाग आहे, पार्किंगचे वेगळे पैसे लावतात, ते सगळं खरं, पण तीन रात्रींच्या ऐवजी दोन रात्री रहा आणि आतच रहा. दुपारी दोन तास सासू-सासऱ्यांना खोलीवर आडवं होता आलं तर संध्याकाळ मिळते, नाहीतर चार वाजताच सगळे चिडचिडे होतात. जुन्या घरातलं भाड्याचं अपार्टमेंट घेतलंस तर आधी पायऱ्या विचार, तिथल्या कितीतरी जुन्या घरांचा मुख्य दरवाजा रस्त्यापासून आठ-दहा पायऱ्या वर असतो. हॉटेल घेतलंस तर लिफ्ट, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह, या तीन गोष्टी फोन करून पक्क्या कर.

आणि जुलै नको गं. मला कळतं सुट्टी तेव्हाच असते, पण जुलैतलं सव्हॅना म्हणजे मे महिन्यातली मुंबई, घाम पुसून पुसून जीव जातो, वर लाँग वीकेंडची गर्दी. सासरे नोव्हेंबरपर्यंत आहेत ना, मग ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा धर, शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाका. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव. एक म्हणजे वादळांचा सीझन नोव्हेंबर अखेरपर्यंत असतो, २०१६ मधलं मॅथ्यू ऑक्टोबरातच आलं होतं, तेव्हा बुकिंग रद्द करता येईल असंच कर. दुसरं, पाण्याजवळ संध्याकाळी अगदी बारीक, डोळ्याला दिसणार नाहीत अशा माश्या चावतात, सँड नॅट म्हणतात त्यांना, तर फवारा पर्समध्ये असू दे आणि सासूबाईंना पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालायला सांग.

शुक्रवारी दुपारी बाराच्या आत निघा, नाहीतर अटलांटाच्या खाली मॅकडोनाच्या पट्ट्यात आय-७५ वर अडकाल. मेकनला चहा आणि पेट्रोल उरकून घ्या, कारण तिथून पुढे आय-१६ सरळसोट, दोन्हीकडे पाईनची झाडं आणि मधे फारसं काही नाही, ज्येष्ठांना बाथरूमची सोय लागते तर ठरवून डब्लिनला थांबा. हा रस्ता संपतो तोच सव्हॅनाच्या गावात.

आता त्या चौकांचं सांगते, कारण सासऱ्यांना हे आधी माहीत असेल तर ते शहर वेगळ्याच नजरेने बघतील. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प इंग्लंडहून माणसं घेऊन आला आणि नदीकाठच्या उंच टेकाडावर त्याने गाव आखलं. तेही मधे मोकळा चौक, चारी बाजूंनी घरं, मग पुढे तसाच दुसरा चौक, तिसरा चौक, असं. वाड्याला जसा मधला चौक असतो आणि उजेड, वारा, गप्पा, धान्य वाळवणं सगळं तिथेच, तसं इथे अख्ख्या आळीला एक चौक. असे २४ चौक झाले, त्यातले २२ आजही आहेत. सगळीकडे लाइव्ह ओकची झाडं, फांद्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या आणि त्यावरून राखाडी जटांसारखं स्पॅनिश मॉस लोंबकळतंय. लेकीला सांग, ते मॉस म्हणजे शेवाळ नाहीच, ते अननसाच्या कुळातलं आहे, पण खाली पडलेलं उचलून केसात खोवायचं नाही, त्यात किडे असतात.

हे चौक आपोआप टिकले नाहीत. एलिस स्क्वेअरमध्ये शहराची जुनी मंडई होती, १९५४ मध्ये ती पाडून तिथे पार्किंगची इमारत बांधली. पुढच्या वर्षी डेव्हनपोर्ट हाऊस नावाचं जुनं घरही पाडायचं चाललं होतं, तेव्हा शहरातल्या सात बायका एकत्र आल्या, पैसे जमवले आणि ते घर विकत घेऊन वाचवलं, तिथून हिस्टॉरिक सव्हॅना फाउंडेशन सुरू झालं आणि मग त्यांनी घरामागून घर वाचवलं. सात बायका! आपल्याकडे पेठांमधले वाडे एकेक करून पडताना मी बघितलेत, त्यामुळे डेव्हनपोर्ट हाऊससमोर उभी राहिले की मला त्यांचं फार कौतुक वाटतं. ती पार्किंगची इमारतही नंतर पाडली, २०१० मध्ये चौक परत मोकळा झाला आणि पार्किंग त्याच्या खाली जमिनीत गेलं. हॉटेलला पार्किंग नसेल तर गाडी तिथेच लाव आणि रविवारपर्यंत तिला विसर.

शनिवारी सकाळी फोरसिथ पार्कपासून सुरुवात कर. नऊ ते एक शेतकरी बाजार भरतो, सासूबाईंना भाज्या बघण्यात देवळाइतकाच आनंद मिळेल याची मला खात्री आहे. तिथलं पांढरं कारंजं १८५८ चं. मग बुल स्ट्रीटने नदीकडे चालायला लागा, वाटेत ओळीने पाच चौक येतात, मॉन्टेरी, मॅडिसन, चिपेवा, राइट आणि जॉन्सन. सगळं मिळून मैलभर, पण ते मैलभर तीन तासांत चाला, प्रत्येक चौकात बसा. मधेच गुडघे बोलायला लागले तर डॉट नावाची फुकट बस फिरत असते.

मॉन्टेरी चौकात ज्यूंचं सिनेगॉग आहे, चर्चसारखं दिसणारं, त्यांची मंडळी १७३३ मध्येच, वसाहत बसली त्याच वर्षी जहाजाने आली, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली लोकांची गोष्ट सासऱ्यांना माहीत असेल तर इथे बोलायला विषय मिळेल. मॅडिसनमध्ये मात्र जास्त वेळ काढा. पश्चिमेचं ते ग्रीन-मेल्ड्रिम हाऊस, अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन तिथे उतरला होता आणि त्याने लिंकनला तार करून सव्हॅना शहर नाताळची भेट म्हणून दिलं. हे सगळेच सांगतात. पण त्याच घरात पुढच्या जानेवारीत वीस काळे धर्मोपदेशक शर्मनसमोर बसले होते, तुम्हाला काय हवं असं त्यांना विचारलं, आणि त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर नावाचा म्हातारा बोलला की आम्हाला जमीन द्या, ती आम्ही स्वतः कसू. चारच दिवसांत हुकूम निघाला, समुद्रकाठची जमीन, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. आणि त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षाने तो फिरवला, जमिनी परत जुन्या मालकांकडे. कसणाऱ्याच्या हातातून जमीन जाणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, माझे बाबा हे ऐकून त्या घराकडे बघत कितीतरी वेळ गप्प बसले होते.

राइट चौकात एक मोठा ग्रॅनाइटचा धोंडा आहे, तो तोमोचिची या यामाक्रॉ नावाच्या इथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखासाठी. त्यानेच ओगलथॉर्पला इथे वसू दिलं, त्याला या चौकात सन्मानाने पुरलं, आणि दीडशे वर्षांनी त्याच जागेवर एका रेल्वेवाल्याचं स्मारक उभं केलं. धोंडा नंतर १८९९ मध्ये बसवला, तो आला तुमच्या अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनहून. लेक गर्ल स्काउट असेल तर गर्ल स्काउट सुरू करणाऱ्या ज्युलिएट गॉर्डन लो यांचं घर इथून जवळ आहे, आत जाता येतंय का ते आधी वेबसाइटवर बघ.

दुपारच्या झोपेनंतर ओवेन्स-थॉमस हाऊसला जा. त्याची वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, त्याच तिकिटात टेलफेअर या संस्थेची आणखी दोन म्युझियम येतात, पण तिन्ही बघायचा अट्टहास करू नका. १८१९ चं घर, त्या काळी घरात नळाचं पाणी असलेलं, श्रीमंती थाट. मी तुला पाठवतेय ते त्या थाटासाठी नाही, मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांसाठी. तिथे वर बघ. छताला फिकट निळा रंग आहे, जागोजागी उडालेला, लाकडाच्या तंतूत मुरलेला. नीळ, चुना आणि ताक एकत्र करून तो लावायचे, गला गीची, म्हणजे या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांची आणि त्यांच्या वंशजांची समजूत अशी की भुतंखेतं पाणी ओलांडू शकत नाहीत, तर छतच पाण्याच्या रंगाचं करायचं. बाबा मान वर करून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ही आपली नीळ." आमच्या गावाकडच्या घराला दर दिवाळीला आजी चुन्यात नीळ कालवून भिंती सारवायची, तोच थंड, जरा राखेकडे झुकणारा निळा. मग ते म्हणाले की या माणसांचं स्वतःचं काहीच नव्हतं, ना घर ना पोरं, तरी दृष्ट लागू नये म्हणून डोक्यावर एवढा रंग लावला. मला तो क्षण जसाच्या तसा आठवतो. लेकीलाही आत घेऊन जा, नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं, हळू आवाजात सांगितलं की नीट कळतं.

फ्रँकलिन स्क्वेअरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च हीसुद्धा माझ्या मते चुकवू नये अशी जागा. इमारत १८५९ मध्ये पुरी झाली, मुक्त आणि गुलाम काळ्या लोकांनी रात्री, दिवसाचं काम संपल्यावर बांधलेली. खालच्या दालनाच्या फरशीत भोकं आहेत, चौकटीच्या आकारात नक्षीसारखी. तिथले लोक सांगतात की ती आफ्रिकेतल्या काँगो भागातली प्रार्थनेची खूण आहे आणि खाली लपलेल्या पळून आलेल्या माणसांना त्यातून हवा मिळायची. टूर ठरावीक वेळेलाच असते, आधी बघून घे.

भूतांच्या टूर तिथे रात्री खूप निघतात. मला त्या आवडत नाहीत, ज्या शहरात माणसं विकली गेली तिथे पांढऱ्या साडीतल्या बाईसारख्या गोष्टी सांगून पैसे घ्यायचे हे मला पटत नाही, आणि लेक रात्री झोपणार नाही ते वेगळंच. त्याऐवजी संध्याकाळी रिव्हर स्ट्रीटला जा. वरून खाली जायच्या दगडी पायऱ्या फार उभ्या आणि झिजलेल्या आहेत, सासऱ्यांना त्यावरून अजिबात नेऊ नकोस, सिटी हॉलच्या बाजूला लिफ्ट आहे ती शोध. खालचा रस्ताही जहाजात वजनासाठी भरून आणलेल्या गोट्यांचा, तेव्हा पायात चपला नकोत, बूट हवेत. तिथे बाकावर बसून जहाजांची वाट बघा. कंटेनरची मोठी जहाजं इतक्या जवळून जातात की आधी वाटतं समोरची इमारतच सरकायला लागली. आपल्या न्हावा शेवाहून निघालेला मालही या बंदरात उतरतो, हे सांगितलं की सासरे कंटेनर मोजायला लागतील बघ.

जेवणाचं नीट ऐक, कारण सासूबाई उपाशी राहिल्या तर बाकी सगळं व्यर्थ. दक्षिणेकडच्या जेवणात भाजी दिसते पण ती भाजी नसते. कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे जाड पानांची पालेभाजी, त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचा तुकडा शिजवलेला असतो, शेंगा आणि डाळीतही तेच, रेड राइसमध्ये सॉसेज, आणि भाजीच्या सूपला चिकनचं पाणी. बिस्किटात कधीकधी चरबी. 'व्हेजिटेरियन आहे का' एवढंच विचारू नकोस, 'यात मांस, चरबी, चिकन ब्रॉथ आहे का' असं एकेक विचार. ग्रिट्स मात्र सासूबाईंना आवडतील, त्या मक्याच्या कण्याच आहेत, नुसत्या लोणी घालून माग, चीज हवं तर वरून, आणि घरून नेलेली लसणाची चटणी बरोबर. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेतकूट आणि इन्स्टंट उपम्याची पाकिटं डब्यात असू देत, यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही मासे खात असाल तर कोळंबी-ग्रिट्स खाच. लेकीला ब्रॉटन स्ट्रीटवरच्या लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम, १९१९ पासूनचं दुकान, रांग मोठी असते, एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी कुठेतरी टेकायचं.

रविवारी सामान गाडीत टाकून फोर्ट पुलास्कीला जा, टायबी बेटाच्या वाटेवर. आधी भरती-ओहोटीची वेळ बघ, उधाणाच्या भरतीला त्या रस्त्यावर पाणी येतं आणि ऑक्टोबरात मोठी उधाणं असतात, कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको पण सांगलीकरांना सांगायला हवं! किल्ला सपाटीवर आहे, खंदक, उचलता पूल, आत मोठं हिरवं मैदान, खालूनच बरंच दिसतं, तटावर चढलंच पाहिजे असं नाही. साडेसात फूट जाडीची विटांची भिंत, अभेद्य म्हणून नावाजलेली. १८६२ च्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या सैन्याने मैलभरावरून, टायबीच्या किनाऱ्यावरून, आतून आटे पाडलेल्या नव्या तोफा डागल्या आणि तीस तासांत भिंत फोडली. गोळे दारूच्या कोठाराकडे यायला लागले तेव्हा पंचवीस वर्षांच्या किल्लेदाराने शरणागती पत्करली. दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यात भिंतीला हात लावून बघायला सांग सासऱ्यांना, खड्डे तसेच आहेत, काही ठिकाणी लोखंड अजून रुतलेलं दिसतं. सिंधुदुर्ग, जंजिरा बघितलेल्या माणसाला इथे फार बोलावंसं वाटतं.

आणि त्यांना हेही सांग. हा किल्ला पडला आणि सव्हॅनाचं बंदर बंद झालं, दक्षिणेतली बाकी बंदरंही नाकेबंदीत, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून त्यांनी तो मुंबईतून घेतला. आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला तेव्हा जो भाव आला, मुंबईत जो पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर जी माणसं देशोधडीला लागली, त्याचं एक टोक या भिंतीत आहे. कापसातली सरकी काढायचं यंत्र एली व्हिटनीने १७९३ मध्ये बनवलं तेही याच सव्हॅनाजवळच्या एका मळ्यावर. लेकीला किल्ल्यावर ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळेल, ती भरली की बिल्ला देतात, तासभर किरकिर नाही.

नंतर टायबीवर पाण्यात पाय बुडवा, दीपगृहाला १७८ पायऱ्या आहेत, तू आणि लेक चढा, बाकीचे खाली बसतील. बोनाव्हेंचर सुंदर आहे, नदीकाठी, जुनी झाडं, पण ती दफनभूमी आहे, सासूबाईंना चालणार आहे का ते आधी विचार, नसेल तर आग्रह नको. वर्मस्लो या जुन्या मळ्यातली झाडांची रांग यावेळी सोडून दे.

तीन वाजता निघालात तर आठ-साडेआठला घरी. नवऱ्याला सांग, चार्ल्सटन तुम्ही दोघं पुढच्या वर्षी जा. आणि त्या निळ्या छताखाली सासरे काय बोलले ते मला दोन ओळींत लिही.